‘वय झालं’ म्हणजे काय झालं?

(‘लासी’ या वृद्धारोग्य सर्वेक्षणाच्या अहवालाचे अकोला-अमरावतीकडून केलेले वाचन)

अकोला-अमरावतीकडच्या खेड्यात तेरवीच्या मांडवात बसले, की एक संवाद हमखास कानी पडतो.

“बुढीले काय झालं व्हतं, भाऊ?”

“काई नाई, वय झालं व्हतं.”

एवढ्यावर विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याचेही. कोणी चिकाटीने पुढे विचारलेच, तर हळूहळू गोष्टी बाहेर येतात. आठ दिवस आधी सकाळी उठल्यावर उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढले गेले, शब्द अडखळू लागले. डॉक्टर याला पक्षाघात म्हणतात आणि गाव लकवा म्हणते. पण तेरवीपर्यंत हात, तोंड, शब्द सारे ‘वय’ या एका शब्दात विरघळून गेलेले असते. म्हातारीचा रक्तदाब कोणी शेवटचा कधी मोजला होता, हा प्रश्न मांडवात कोणालाच सुचत नाही.

वृद्धांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण असते. ज्या आजाराला घरात नाव नाही, तो आजार त्यांच्या तक्त्यात यायचा कसा? हा प्रश्न मनात ठेवून आपल्या देशातील या विषयावरचा सर्वांत मोठा अहवाल वाचला, तर त्यातील बळकट जागा आणि कच्च्या जागा दोन्ही स्पष्ट दिसतात.

अहवाल कोणता?

‘लॉन्जिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ असे या सर्वेक्षणाचे लांबलचक नाव असून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘लासी’ म्हणतात. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्य शाखा आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी मिळून केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ते हाती घेतले. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली आणि तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सिक्कीम वगळता सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून ४५ वर्षे व त्यापुढील वयाची माणसे आणि त्यांचे जोडीदार अशा ७२,२५० व्यक्तींची माहिती त्यात आहे. त्यांपैकी ३१,४६४ जण साठीच्या पुढचे व ६,७४९ जण पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत.

या सर्वेक्षणात माणसांना आजारांविषयी प्रश्न विचारले गेलेच, शिवाय घरी जाऊन मोजमापेही घेतली गेली. रक्तदाब तीन वेळा मोजून शेवटच्या दोन नोंदींची सरासरी धरली. हाताच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग, तोल, दृष्टी, फुप्फुसांची क्षमता, उंची आणि वजन पाहिले. पकड आणि चाल यांना यात स्थान मिळाले, हे महत्त्वाचे आहे. म्हातारपणी ‘आजार कोणता’ याइतकाच ‘पाण्याची बादली उचलता येते का, मोरीपर्यंत आपल्या पायांनी जाता येते का’ हा प्रश्न मोलाचा असतो. इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या नेटकेपणाने हे काम आपल्याकडे पूर्वी झालेले नव्हते. पुढे जी टीका केली आहे, ती या कामाबद्दलचा आदर राखूनच.

अहवाल प्रसिद्ध होताना जे आकडे पुढे केले गेले, ते असे: साठीपुढील साडेसात कोटी लोकांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार आहे, २७ टक्क्यांना एकाहून अधिक आजार आहेत, ४० टक्क्यांना काही ना काही अपंगत्व आहे, आणि २० टक्क्यांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी आहेत. वर्तमानपत्रांनी हे आकडे छापले. शिक्षकांनी ते वर्गात सांगण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा: हे आकडे मिळवले कसे?

विचारणे आणि मोजणे

आजारांची आकडेवारी दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग विचारण्याचा. ‘तुम्हाला अमुक आजार असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का?’ असे विचारायचे आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांची संख्या धरायची. दुसरा मार्ग मोजण्याचा. दंडाला पट्टा बांधायचा आणि यंत्रावरचा आकडा लिहून घ्यायचा. अहवालातील दीर्घकालीन आजारांचे बरेच तक्ते पहिल्या मार्गाचे आहेत. रक्तदाबाच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग वापरल्यामुळे त्यांची तुलना करता येते.

‘लासी’च्याच सामग्रीवरून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात आला. ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाण ४५.९ टक्के आढळले. या उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी ५५.७ टक्के लोकांचेच निदान आधी झालेले होते, ३८.९ टक्के औषध घेत होते आणि ३१.७ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता.

आता सोपे गणित करू. शंभर माणसांत उच्च रक्तदाब असलेले ४६. त्यांपैकी स्वतःला आजार आहे हे माहीत असलेले सुमारे २६. म्हणजे केवळ विचारून आकडा काढला तर तो २६ येतो आणि मोजून काढला तर ४६. मधली २० माणसे आजारी आहेत, पण स्वतःच्या हिशेबी धडधाकट आहेत. आपल्या तेरवीच्या मांडवातली म्हातारी या विसांत असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

नैराश्याच्या बाबतीत ही दरी आणखी रुंद होते. साठीपुढील लोकांना ‘डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले आहे का’ असे विचारले, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ०.८ टक्के निघाले. लक्षणांची प्रमाणित प्रश्नावली वापरली, तेव्हा संभाव्य नैराश्य ८.३ टक्के लोकांत आढळले, म्हणजे दहापट. कापसाच्या या पट्ट्यात कर्ता मुलगा गमावलेले किंवा मुले पुण्या-मुंबईकडे गेल्यावर मागे राहिलेले आईबाप गावोगाव आहेत. त्यांची भूक मरते, झोप उडते, बोलणे तुटते. त्यालाही घरात ‘वय झालं’ हेच नाव पडते, आणि डॉक्टरांच्या कागदावर कोणतेच नाव पडत नाही.

या फरकाचा सर्वांत मोठा घोटाळा राज्याराज्यांची तुलना करताना होतो. विचारून मिळालेल्या आकड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार गोवा आणि केरळात सर्वाधिक दिसतात आणि छत्तीसगडसारख्या राज्यात फार कमी. मग गोव्यातले म्हातारे अधिक आजारी आणि छत्तीसगडचे ठणठणीत असे म्हणायचे का? अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याच कोड्याकडे लक्ष वेधले होते. भारतात सर्वाधिक आयुर्मान केरळचे आणि स्वतःहून सांगितलेले आजारही सर्वाधिक केरळमध्येच. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि सांगितलेले आजारही कमी. अमेरिकेतील लोक तर केरळच्या लोकांहूनही अधिक आजार सांगतात. ज्याला दवाखाना जवळ आहे, शिक्षण आहे, तो आपल्या आजाराला ओळखतो. ज्याला दोन्ही नाही, त्याला दुखणे हा जगण्याचाच भाग वाटतो.

म्हणून ‘निदान झालेले आजार’ या रकान्याकडे पाहताना त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत हे ध्यानात ठेवावे लागते: आजार किती आहे, आणि डॉक्टर किती जवळ आहे. अहवालाच्या लेखकांना हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. मजकुरात ते ‘स्वतः सांगितलेले, निदान झालेले’ असे शब्द काळजीपूर्वक वापरतात. पण नकाशे आणि क्रमवाऱ्या छापल्या, की ही विशेषणे गळून पडतात आणि वाचकापुढे नुसता ‘आजार’ उरतो. मोजलेला आणि विचारलेला आकडा जेथे उपलब्ध आहे, तेथे तो प्रत्येक वेळी शेजारी-शेजारी छापला असता, तर ही गफलत सहज टळली असती.

मोजपट्टी कोणाची?

मग सर्व काही मोजूनच काढावे, हे उत्तर पुरेसे आहे का? रक्तदाबाला पुरेसे आहे, कारण पाऱ्याचा मिलिमीटर अकोल्यात आणि अॅमस्टरडॅममध्ये सारखाच. स्मृतिभ्रंशाचे तसे नाही. तेथे मोजपट्टी म्हणजे प्रश्न, आणि प्रश्नांना भाषा असते, शाळा असते.

जगभर वापरली जाणारी स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीत एक इंग्रजी शब्द उलट्या क्रमाने अक्षरे लावून सांगायचा असतो, एक वाक्य लिहायचे असते, लिहिलेली सूचना वाचून तसे करायचे असते. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला ही चाचणी दिली, तर तो नापास होईल, आणि त्याचा दोष त्याच्या मेंदूच्या माथी बसेल. दिल्लीजवळ हरियाणातील बल्लभगड येथे काम करणाऱ्या भारतीय व अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्ये या चाचणीचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. अक्षरे उलटी लावण्याऐवजी आठवड्याचे वार उलट्या क्रमाने म्हणायला सांगितले. वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाचे पाहून डोळे मिटायला सांगितले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक ओळ बोलायला सांगितली. चाचणीचा हेतू तसाच राहिला आणि शाळेची अट गेली. शिक्षकांनी अभ्यासावा असा हा परीक्षापद्धतीचा उत्तम नमुना आहे. काय तपासायचे आहे हे नक्की ठाऊक असेल, तर प्रश्न बदलता येतो.

बल्लभगडचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा जग चकित झाले. ६५ वर्षांवरील शंभर लोकांत स्मृतिभ्रंश असलेले दीडपेक्षाही कमी. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हा आकडा फारच लहान होता. त्यानंतर ‘लासी’च्या नमुन्यातील साठीपुढच्या ४,०९६ व्यक्तींची सविस्तर तपासणी झाली. एका गटाचे निदान तज्ज्ञ डॉक्टरांनी नोंदी पाहून एकमेकांशी पडताळत केले आणि त्यावरून गणिती प्रतिमान बांधून इतरांचा अंदाज काढला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत तो अधिक होता.

दीडपासून साडेसातपर्यंतचा हा प्रवास म्हणजे पंचवीस वर्षांत आजार पाचपट वाढला असा अर्थ काढणे घाईचे होईल. प्रदेश वेगळा आहे, वयोगट वेगळा आहे, निदानाची रीत वेगळी आहे. आणखी एक सूक्ष्म कारण आहे. स्मृतिभ्रंशाचे निदान करताना नुसती चाचणीतली चूक पुरत नाही. रोजच्या व्यवहारात माणूस मागे पडला आहे, हे घरच्यांनी सांगावे लागते. आपल्या एकत्र घरात म्हाताऱ्या माणसाकडून व्यवहाराची अपेक्षाच थोडी असते. हिशेब मुलगा पाहतो, स्वयंपाक सून करते. मग आजोबांना बाजाराचा हिशेब जमेनासा झाला, हे कळणार कोणाला? पुन्हा तेच: ‘वय झालं.’

आता हीच मोजपट्टी घेऊन मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे गेलो असे समजू. तेथील कोरकू लोकांची भाषा मराठीच्या कुळातली नाही; ती मुंडा कुळातली आहे. सत्तरीच्या कोरकू आजीला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला आणि ती गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याचे गुण कशाचे कापायचे? स्मरणशक्तीचे की भाषेचे? फार लांब कशाला, दर्यापूरच्या आजोबांशी ‘आपणांस’, ‘कृपया’ अशा भाषेत बोलले, तरी ते सरकारी माणूस आला म्हणून सावरून बसतात आणि ‘हो जी, हो जी’ म्हणत सुटतात. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण खेड्यांत आणि स्त्रियांत अधिक दिसते, त्यात शिक्षणाच्या अभावाचा वाटा मोठा आहे. हा अभाव मेंदूला खरोखर दुबळा करतो की केवळ चाचणीत दुबळा दाखवतो, हे वेगळे काढण्याचे काम नेटाने व्हायला हवे. बल्लभगडच्या संशोधकांनी हरियाणवी खेड्यांसाठी जे केले, ते वऱ्हाडी आणि कोरकूसाठीही व्हायला हवे.

आमचा जिल्हा कुठे आहे?

अहवालाविषयीची माझी मोठी तक्रार ही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २८.९ लाख आणि अकोल्याची सुमारे १८.१ लाख होती. महाराष्ट्रात साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाचे ८.६ टक्के. हेच प्रमाण या दोन जिल्ह्यांना लावले, तरी येथे साडेचार लाखांहून अधिक वृद्ध होते असा अंदाज निघतो. ‘लासी’ची रचना राज्यापुरते आकडे देण्यासाठी केलेली आहे. त्यामुळे दादरचे निवृत्त अधिकारी आणि धारणीची मोलमजुरी करणारी आजी यांची सरासरी आपल्या हाती येते.

जिल्हावार आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मिळतात. त्याच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) रक्तदाब आणि रक्तशर्करा मोजलीही होती. पण जिल्ह्याच्या पत्रकात पंधरा वर्षांवरील सर्व वयांचा एकच गट आहे. सतरा वर्षांचा महाविद्यालयीन मुलगा आणि सत्तर वर्षांचे त्याचे आजोबा एकाच आकड्यात. एका अहवालात वय आहे पण जिल्हा नाही. दुसऱ्यात जिल्हा आहे पण म्हातारपण वेगळे काढलेले नाही. या दोहोंच्या फटीत आपले साडेचार लाख लोक हरवले आहेत.

यातून नुकसान काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतील कित्येक गावांत विहिरीचे पाणी खारट लागते. या गावांतून मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार अनेक वर्षे ऐकू येते. खारे पाणी आणि रक्तदाब यांचा संबंध असेल का? बांगलादेशाच्या किनाऱ्यावर हा प्रश्न अभ्यासला गेला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिण्याच्या पाण्यातील क्षार वाढले तसा रक्तदाब वाढलेला दिसला. २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात सौम्य खारे पाणी पिणाऱ्यांचा रक्तदाब उलट थोडा कमी आढळला. संशोधकांचे स्पष्टीकरण असे, की खाऱ्या पाण्यात सोडियमबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतात, आणि त्यांचा परिणाम उलट दिशेने होऊ शकतो.

म्हणजे तर्काने या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. पूर्णाकाठच्या पाण्यात कोणता क्षार किती आहे आणि ते पाणी चाळीस-पन्नास वर्षे प्यायलेल्या माणसांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे कार्य कसे आहे, हे येथेच मोजावे लागेल. हा अभ्यास करायला वृद्ध माणसेच हवीत, कारण दीर्घकाळाचा परिणाम त्यांच्याच शरीरात लिहिलेला असतो. महाराष्ट्राच्या सरासरीत हा प्रश्न उभाच राहत नाही.

गडचिरोलीने काय केले?

असा अभ्यास मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेशिवाय होणार कसा, असे कोणी विचारील. उत्तर विदर्भातच, पूर्वेच्या टोकाला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेने ८६ खेड्यांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील मृत्यूंचा अभ्यास केला. डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांचा तो लेख २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात आला. लोकसंख्या ९४,१५४ आणि मृत्यू १,५९९. त्यांपैकी २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झालेले होते. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर होता. या माणसांचे सरासरी वय साधारण ६७ वर्षे होते आणि ८७.३ टक्के जण घरीच वारले.

घरी वारलेल्यांचे कारण कळले कसे? त्या पद्धतीला ‘मृत्युपश्चात मुलाखत’ म्हणता येईल. प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जातो आणि ठरावीक प्रश्न विचारतो: अंगाची एक बाजू लुळी पडली होती का? एकाएकी की हळूहळू? बोलता येत होते का? ताप होता का? ती उत्तरे वाचून डॉक्टर कारण ठरवतात. हे प्रश्न आपल्या तेरवीच्या मांडवातलेच आहेत, फक्त ‘वय झालं’ या उत्तरावर न थांबता विचारलेले.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. वय जितके अधिक, तितकी लक्षणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि घरच्यांच्या आठवणीही धूसर. म्हणूनच देशभरातील मृत्यूंची कारणे याच रीतीने शोधणारा ‘दशलक्ष मृत्यू अभ्यास’ आपले निष्कर्ष बहुधा सत्तरीच्या आतल्या मृत्यूंवर बेततो. पण दुसरा पर्याय काय आहे? भारतात २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीच्यांच्या कारणाचा वैद्यकीय कागदच नाही.

कळून उपयोग काय?

शेवटी एक रोखठोक प्रश्न उरतो, आणि तो गावात उघडपणे विचारला जातो: ऐंशीच्या माणसाला आता गोळ्या सुरू करून काय मिळवायचे? प्रश्न वेडगळ नाही. एकेकाळी डॉक्टरांनाही तो पडलेला होता. औषधांच्या चाचण्यांतून फार म्हाताऱ्या लोकांना वगळले जाई, त्यामुळे या वयात रक्तदाब उतरवणे हितकारक की धोक्याचे, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी युरोप, चीन, ऑस्ट्रेलेशिया आणि उत्तर आफ्रिकेतील ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. २००८ मध्ये निष्कर्ष आले: औषध घेणाऱ्यांत कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी. पक्षाघाताचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी दिसले, पण त्या आकड्यात योगायोगाचा अंश असण्याची थोडी शक्यता संशोधकांनी मोकळेपणाने नोंदवली. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

येथेही चिकित्सकपणा सोडू नये. चाचणीत आलेली माणसे त्या वयाच्या मानाने बरी धडधाकट होती आणि भारतातली केंद्रे त्यात नव्हती. एकटी राहणारी, उन्हाळ्यात पाणी कमी पिणारी, उठताना तोल जाणारी वऱ्हाडातली आजी त्या चाचणीतल्या रुग्णासारखी असेलच असे नाही. तिला किती मात्रा द्यायची, रक्तदाब किती उतरवायचा, हे तिच्या डॉक्टरने तिला पाहूनच ठरवावे लागेल. पण ‘वय झालं, आता कशाला’ या वाक्याला मात्र त्या चाचणीने आधार ठेवलेला नाही.

शिक्षकांसाठी

‘लासी’ अहवाल वाचावा का? जरूर वाचावा. पकड, चाल आणि दृष्टी यांचे तक्ते आणि मोजलेल्या रक्तदाबाचे आकडे विश्वासाने वापरावेत. ‘निदान झालेल्या’ आजारांच्या राज्यवार क्रमवाऱ्या वर्गात सांगायच्या असतील, तर दवाखान्याच्या अंतराची गोष्ट जोडूनच सांगाव्यात. सर्वेक्षण करणाऱ्यांकडून मागणी करायची झाली तर ती दोन गोष्टींची करावी: विचारलेला आणि मोजलेला आकडा एकत्र छापणे, आणि जिल्ह्याच्या पत्रकात साठीपुढचा रकाना वेगळा ठेवणे. दुसऱ्या मागणीसाठी जिल्ह्यात वृद्धांचा नमुना थोडा वाढवावा लागेल. पण रक्तदाबाचा पट्टा तर आधीच दारापर्यंत पोचलेला आहे.

नववी-दहावीच्या वर्गासाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. शंभर चिंचोके घ्या. ४६ चिंचोक्यांच्या खालच्या बाजूला खडूने खूण करा. त्यांतल्या २६ ना वरच्या बाजूलाही खूण करा. सारे टेबलावर मांडा आणि मुलांना न हलवता ‘आजारी’ चिंचोके मोजायला सांगा. उत्तर २६ येईल. मग शेजारी दुसरे शंभर मांडा: खाली ४० खुणा, त्यांतल्या ३२ ना वरही. वरून पाहता दुसरे गाव अधिक आजारी दिसेल. आता सगळे उलटायला सांगा. मुले स्वतःच भांडतील, कोणते गाव खरोखर आजारी होते म्हणून, आणि दुसऱ्या गावात दवाखाना असावा, हे त्यांच्यापैकीच कोणीतरी बोलून दाखवील.

त्या दिवशीचा गृहपाठ एका ओळीचा द्यावा: घरातल्या सर्वांत वडील माणसाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, ते विचारून या. नावे लिहायची नाहीत, आकडे लिहायचे नाहीत, फक्त ‘या वर्षी’, ‘पूर्वी कधीतरी’ किंवा ‘कधीच नाही’ एवढेच. फळ्यावर तीन रकाने आखले, की तिसऱ्या रकान्यात किती रेघा उमटतात ते वर्गाला दिसेल. त्या रेघांतल्या काही आजी-आजोबांना पुढच्या आठवड्यात कोणी उपकेंद्रात घेऊन गेले, तर गणिताचा तो तास कारणी लागला असे समजावे.